डावीकडची खालची दाढ

माझ्या बायकोला सहा आठवडे हार्ट अटॅकची सूचना येत होती आणि मी तिची दाढ घासत बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. ज्या माणसाला, ज्या दिवशी सांगायला हवं होतं, त्याला, त्या दिवशी सांगितलं नाही. आता कुणालाही सांगतो. परवा गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा मीटर न बघताच निघून गेला.

मी कवळ्या करतो. दातांचा डॉक्टर नव्हे, त्याच्या मागचा माणूस. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो, कॅपा करतो, घासतो, चकाकी आणतो. चौतीस वर्षं झाली. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. खिडकीखाली टेबल, टेबलावर घासायची मोटर आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं लोकांचे जबडे. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या मैत्रिणी या खोलीतून डोळे मिटून पळत जायच्या.

तयार माल पोचवायचं काम बायकोचं. कापडी पिशवीत डबे, प्रत्येक डब्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी. सात दवाखाने होते आणि एक सोडला तर सगळे दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना चावता येत नाही अशा म्हाताऱ्यांना तीन मजले चढायला लावणारे हे लोक, पण ते असो. ती आठवड्यातून चार दिवस जायची आणि येताना प्रत्येक डॉक्टरच्या घरची बातमी घेऊन यायची.

एके दिवशी ती आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "अहो, जिना चढताना खालचा जबडा दुखतो. डावीकडे. वर पोचेपर्यंत नुसती ओढ लागते, आणि बाकावर जरा टेकलं की जातं."

मी मोटरवर होतो. मान वर न करताच म्हणालो, "दातांच्या डॉक्टरचा जिना दिसला की दाढ घाबरते तुझी."

ती हसली. मी स्वतःवर इतका खूश झालो की तो विनोद फोनवर तीन डॉक्टरांना ऐकवला. तिघेही हसले. त्यांनाही दाढच दिसली, पण त्यांनी तिला तपासलं नव्हतं. मी तपासलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझं डोकं कुठे अडकलं होतं ते कळेल. डावीकडच्या त्या खालच्या दाढेवर मीच केलेली कॅप होती. बारा वर्षांपूर्वीची. ती केली तेव्हापासून माझ्या मनात एक किडा होता की ती केसभर उंच राहिली आहे. तिनं कधी तक्रार केली नाही, डॉक्टरनंही बसवून दिली, पण माझ्या हातचं काम मला कळतं. तेव्हा ती "डावीकडे, खाली" म्हणाली आणि मी मनात म्हटलं, आलं शेवटी बाहेर. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. बारा वर्षं मीच बरोबर होतो असं वाटलं.

त्याच संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात दिव्याखाली बसवलं. आमच्याकडे निळा कागद असतो, पातळ. तो दातांमध्ये धरून चावायला लावायचं. जो दात उंच असेल त्यावर गडद डाग पडतो. डाग पडला. पडणारच, कुठल्याही तोंडात कुठेतरी पडतोच. मग आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला, जो दवाखान्यातली चिठ्ठ्या फाडणारी मुलगीही विचारते.

"चावताना दुखतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"गार लागतं? गरम?"

"नाही हो. चढतानाच फक्त. दाढ नसेलच कदाचित."

"तू आता मला दात शिकव," मी म्हणालो.

तिनं तोंड उघडलं. मी कॅप घासली. चोवीस वर्षांची मुलगी असलेला माणूस मी, आणि बायकोच्या तोंडात उजेड पाडून वाकून बघताना मला तिच्याबद्दल किती माया वाटत होती हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घासल्यावर म्हटलं, आठवडाभर जबड्याला आराम हवा, तू घरीच थांब, माल मी पोचवतो. सात दवाखाने पालथे घातले. ती घरी बसून साचे पुसायची, चिठ्ठ्या लिहायची. आठवडाभर तिला एकदाही दुखलं नाही. दुखेल कसं? ती जिना कुठे चढत होती? पण मी शेजारच्या शिंप्याला बोलावून सांगितलं, हात लागतो कारागिराचा. शिंपी म्हणाला, वा.

ती पुन्हा जायला लागली आणि दुखणंही परत आलं. मी पुन्हा घासली. मग वाटलं, झोपेत दात खात असेल, म्हणून रात्री दातांवर घालायला मऊ पट्टी करून दिली. फार सुरेख झाली होती. ती बिचारी रोज घालून झोपायची. शेवटच्या आठवड्यात तर बाजारातून पिशवी आणतानाही ओढ लागायची आणि ती वाटेत दुकानाच्या पायरीवर बसायची. तेही तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. रोज सांगायची आणि मी रोज काहीतरी करायचो. त्यापेक्षा दुर्लक्ष केलं असतं तर परवडलं असतं; वैतागून ती दुसऱ्या कुणाकडे तरी गेली असती.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती माल देऊन आली ती घामानं निथळत. म्हणाली, "आज बसल्यावरही थांबत नाहीये. पाठीतही भरून आलंय." चेहरा उतरला होता. मी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, दुखायची गोळी दिली आणि आत नेऊन झोपवलं. एका कवळीचं मेण तयार होतं, ते थंड व्हायच्या आत दात बसवायचे होते. मी दात बसवत बसलो. तिनं दोनदा हाक मारली. पहिल्यांदा मी "आलो" म्हणालो. दुसऱ्यांदा गेलो तर तिला उलटी झाली होती आणि ओठ राखाडी दिसत होते. घड्याळात एक वाजत आला होता.

रुग्णवाहिका आली, हॉस्पिटलात नेलं, मांडीतून नळी घालून बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. हे सगळं भराभर झालं. जे हळू झालं ते आधीच झालं होतं, माझ्या घरात.

रात्रीच्या गाडीनं मुलगी आली. ती दुसऱ्या गावात लहान मुलांना शिकवते. आईसारखीच, बोलायला तिखट आणि डोळ्यांत पाणी लगेच. सकाळी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बसवलं. चाळिशीच्या असतील. एका फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यांनी हृदय काढलं आणि त्यावर तीन रेघा.

"हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःला लागणारं रक्त या तीन नळ्यांतून येतं," त्या म्हणाल्या. "ही पुढची नळी आधी अरुंद झाली होती. अरुंद नळीतून बसल्या माणसाचं भागतं. चढायला, ओझं उचलायला लागलं की हृदयाला जास्त रक्त लागतं आणि ते पुरत नाही. मग दुखतं. थांबलं की थांबतं. काल ती पूर्णच बंद पडली. रक्त न मिळालेला स्नायू मरत जातो, आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. लवकर आणलं असतं तर बराच वाचला असता."

मुलीनं विचारलं, "पण आईच्या छातीत कधी दुखलंच नाही."

"छातीतच दुखायला हवं असं नाही. खांदा, पाठ, पोटाचा वरचा भाग. घसा. जबडा." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. "बायकांमध्ये असं बऱ्याचदा होतं, आणि त्यांना वाटतं पित्त आहे, दमणूक आहे, दात आहे. महिना-दोन महिने आधी तक्रार सुरू असते. त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. त्या फॉर्मवरच्या तीन रेघांकडे बघताना मला सहा आठवडे एका दमात कळले. तिसरा मजला, बाक, पायरी, माझा तो आठवडाभराचा आराम. सगळं इतकं सोपं होतं की आठवीतल्या पोराला कळलं असतं.

"मला तरी नाही," मी म्हणालो.

"वाटलंच," मुलगी म्हणाली. "ती सांगतेय कुणाला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हृदय आता पाव हिश्शानं चाललंय, औषधं जोरात सुरू आहेत, पण पुढचे तीन-चार दिवस कठीण आहेत. "जे बोलायचं असेल ते बोलून घ्या," असंही म्हणाल्या. मला वाटलं, हे फक्त माझ्यासाठी म्हणाल्या.

दोघांना एकदम आत सोडत नसत, पण त्या दुपारी नर्सनं डोळेझाक केली. बायको पडून होती, नाकात नळी, बोलताना मध्ये मध्ये थांबत होती. मुलीनं तिचा हात हातात घेतला, कपाळावरचे केस मागे सारले, आणि मग सुरू झाली.

"किती दिवस अंगावर काढलंस, आई? खरं सांग. आधीपासून दुखत होतं ना?"

तिनं आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. ती थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिली. ती वाट बघत होती असं मला वाटतं. मी मूग गिळून उभा राहिलो.

"होतं थोडं," ती मुलीला म्हणाली.

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, जाईल आपोआप."

बस, इतकंच. तिनं माझी चूक उचलून स्वतःच्या अंगावर घेतली, तेही नाकात नळी असताना. मुलगी रडायला लागली आणि रडता रडता चिडली. म्हणाली, मागे पोटातल्या खड्यांच्या वेळीही तू असंच केलंस, तुला वाटतं आपण फार सोसतो, पण ते भोगावं आम्हाला लागतं. खड्यांच्या वेळी तिनं खरंच लपवलं होतं, त्यामुळे मुलीला शंका यायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी मी एकटा आत गेलो. तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "मी सांगतो तिला. माझं चुकलं. दाढ नव्हती गं."

"कळलं मला," ती म्हणाली. "जिन्यावरच कळत होतं." श्वास घेतला. "एवढ्यात नका सांगू. मी गेले तर तिला तुम्हीच उरणार. तुमच्यावर रागावली तर जाईल कुठे ती? माझ्यावर रागावू दे."

"तू जात नाहीस कुठेही," मी म्हणालो. हेही खोटंच.

बाहेर बाकावर मुलगी गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली होती. मी शेजारी बसलो. आता सांगावं असं मनात आलं. मग म्हटलं, हिची आईच नको म्हणाली आहे, तिचा शब्द कसा मोडायचा? बायकोचं ऐकायचं मला इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सुचलं ते नेमकं तेव्हा. आज्ञा पाळत होतो म्हणे. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. मुलगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघते ती जाईल, एवढंच भय होतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. बायकोला पाणी चढायला लागलं, फुप्फुसात. लघवी कमी झाली. मी कॅन्टीनमधून चहा आणायचो, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर करायचो, आणि दर खेपेला जिन्यात ठरवायचो की वर गेल्यावर सांगायचं. वर गेलं की मुलगी विचारायची, "बाबा, तुम्ही काही खाल्लंत का?" इतक्या मायेनं विचारायची की शब्द आत जायचे. बाबांना केवढा धक्का बसलाय, त्यांना तिनं पत्ताच लागू दिला नाही, असं ती फोनवर मावशीला सांगत होती. मी ऐकत होतो. शुक्रवारी सकाळी नर्सला म्हणालो, मला मुलीशी जरा बोलायचंय, कुठे बसता येईल? तिनं खोली दाखवली. मी त्या खोलीत एकटाच जाऊन बसलो आणि परत आलो.

शुक्रवारी दुपारी मुलगी आत होती आणि मी खाली औषधांच्या रांगेत. वर आलो तर ती बाहेर आलेली, चेहरा लाल. म्हणाली, "मला नाही बघवत तिच्याकडे. मी घरी जाते, अंघोळ करून येते." मी म्हणालो, जा. ती गेली. तीन वाजून दहा मिनिटांनी तिची आई गेली. माझा हात तिच्या हातात होता. शेवटी ती काही बोलली नाही. मुलीला फोन केला तेव्हा ती घराच्या दारात किल्ली लावत होती.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. मुलगी दारात उभी राहून प्रत्येकाला एकच सांगायची, "आईनं कुणालाच कळू दिलं नाही हो." शिंपी आला, तेव्हाही तिनं हेच सांगितलं. शिंपी चमकला. माझ्याकडे बघायला लागला. त्याला मीच बोलावून माझ्या हाताची करामत सांगितली होती. त्यानं खाली मान घातली, चार शब्द बोलला आणि गेला. त्याच्यासमोर मला जी लाज वाटली तिनंच मला ढकललं. बायको असताना ती वाटली असती तर.

माणसं पांगल्यावर मुलगी पुढच्या खोलीत टेबल आवरत होती. मंगळवारची ती कवळी तशीच पडली होती, अर्धे दात बसलेली. मी दारात उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं. जिना, निळा कागद, पट्टी, दोन हाका. डॉक्टरीणबाईंसमोर खोटं बोललो तेही.

तिनं हातातला फडका खाली ठेवला.

"तिनं तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"कितीदा?"

"रोज."

मला वाटलं, आता ओरडेल. तिनं ओरडावं म्हणून मी तयार होऊन उभा होतो. दोन मारल्या असत्या तरी घेतल्या असत्या. पण ती स्टुलावर बसली, तिच्या आईच्या, आणि हाताच्या नखांकडे बघायला लागली.

"शुक्रवारी मी आत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा आई माझा हात सोडत नव्हती. मी तिला म्हणाले, तुला आमची काडीची पर्वा नव्हती, असती तर सांगितलं असतंस. म्हणाले, तुझ्यासारखी आई कुणाला मिळू नये."

तिनं फडका उचलला, परत ठेवला.

"तिनं मान हलवली, बाबा. हो म्हणाली. आणि मी हात सोडवून घेऊन घरी निघून आले."